चारशे वस्तीच्या गावातला डॉक्टर

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही भाग एका दमात बघणारे तुमच्यात बरेच असतील. त्यातल्या एल्फ लोकांची एक भाषा टोल्कीनने घडवली ती फिनिश भाषेच्या प्रेमात पडून, हे माहितीये का? विद्यार्थी असतानाच त्याच्या हाती 'कालेवाला' नावाचं फिनिश महाकाव्य लागलं. तो त्याने एवढा झपाटला की त्यातल्या कुल्लेर्वो या अभागी पोराची गोष्ट त्याने स्वतःच नव्याने लिहायला घेतली.

हे 'कालेवाला' जुळवलं कोणी, तर एका सरकारी डॉक्टरने. राजधानीपासून शेकडो किलोमीटर लांब, एका सरोवराजवळच्या चिमुकल्या गावात बसून, पेशंट तपासता तपासता. गावाचं नाव कायानी आणि डॉक्टरचं एलियास ल्योन्रोत. 'आपल्या भाषेत हे होणार नाही' असं वाक्य तुमच्या तोंडून कधी निघालं असेल, तर या माणसाची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

शिंप्याचं पोर

एलियासचा जन्म ९ एप्रिल १८०२ चा, दक्षिण फिनलंडमधल्या सम्मात्ती गावचा. वडील शिंपी. सात भावंडं, एक छोटंसं लाकडी घर आणि कायमची ओढाताण. पीक बुडालं की पाइनच्या झाडाची आतली साल वाळवून, दळून, पिठात मिसळून भाकरी करायची, असे ते दिवस होते. एलियास पाच वर्षांचा असतानाच वाचायला शिकला. घरातल्या गर्दीपासून सुटका म्हणून तो पुस्तक घेऊन झाडावर चढून बसायचा. शेजारची बाई आपल्या आळशी पोरांना उठवताना त्याचंच उदाहरण द्यायची, अशी आठवण गावात सांगितली जाते. (प्रत्येक कॉलनीत असा एक मुलगा असतो आणि बाकीच्यांना तो आवडत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच!)

खरी अडचण आली शाळेत गेल्यावर. घरात फिनिश आणि शाळेत स्वीडिश. इथे थोडा इतिहास बघू. फिनलंड शेकडो वर्षं स्वीडनच्या ताब्यात होता. १८०९ मध्ये तो रशियाच्या झारकडे गेला, पण कारभाराची भाषा स्वीडिशच राहिली. कोर्ट स्वीडिशमध्ये, विद्यापीठ स्वीडिशमध्ये, चांगल्या घरातल्या गप्पाही स्वीडिशमध्ये. बहुसंख्य लोक बोलत होते ती फिनिश मात्र शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात आणि चर्चच्या प्रार्थनेत. शिकलेला माणूस फिनिशमध्ये काही गंभीर लिहील, हेच मुळात कोणाला पटत नव्हतं. त्यामुळे बारा वर्षांच्या एलियासला वर्गात बसून धडा आणि धड्याची भाषा, दोन्ही एकदम शिकावं लागलं.

पैसे संपले की शिक्षण थांबायचं. मग तो वडिलांसारखा सुई-दोरा घेऊन लोकांचे कपडे शिवायला जायचा. त्या काळी गरीब विद्यार्थी घरोघर गाणी म्हणत धान्य मागत हिंडायचे, तेही त्याने केलं. पुढे एका औषधाच्या दुकानात दोन वर्षं उमेदवारी केली आणि तिथेच लॅटिन पक्कं केलं. इतकं सगळं करून १८२२ मध्ये तो तुर्कूच्या विद्यापीठात पोहोचला.

त्या वर्षी त्याच विद्यापीठात आणखी दोन मुलं दाखल झाली. एक रूनेबर्ग, पुढे फिनलंडचा राष्ट्रकवी. दुसरा स्नेलमन, पुढे फिनिश भाषेसाठी सरकारदरबारी लढलेला विचारवंत. एकाच वर्षाच्या ॲडमिशनमधले तिघं जण! आणि गंमत बघा, राष्ट्रकवी झालेल्या रूनेबर्गने आयुष्यभर लिहिलं ते स्वीडिशमध्ये.

आग, प्रबंध आणि पहिली पायपीट

ल्योन्रोतने १८२७ मध्ये प्रबंध लिहिला तो वायनामोइनेनवर. हा फिनिश लोकगीतांमधला म्हातारा गायक-मांत्रिक, जो गाण्याच्या जोरावर समोरच्याला चिखलात रुतवू शकतो. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुर्कू शहराला भयंकर आग लागली. शहर जळालं, विद्यापीठ जळालं आणि ल्योन्रोतच्या प्रबंधाचा दुसरा भागही त्यात गेला. विद्यापीठाचं बस्तान हेलसिंकीला हलवायचं ठरलं.

मधल्या काळात, १८२८ च्या उन्हाळ्यात, हा पठ्ठ्या पाठीवर पिशवी टाकून पूर्वेकडे कारेलिया प्रांतात चालत निघाला. सोबत एक बासरी. गावात शिरलं की तो बासरी वाजवायचा, लोक जमायचे, गप्पा सुरू व्हायच्या आणि मग हळूच तो गाण्यांचा विषय काढायचा. मास मीडियाच्या वर्गात फील्डवर्कबद्दल जे शिकवतात, त्यातलं बरंचसं त्याने कोणी न शिकवता केलं. आधी विश्वास मिळवायचा, मग वही उघडायची.

त्यानंतर तो मेडिकलकडे वळला. १८३२ मध्ये डॉक्टर झाला. प्रबंधाचा विषय काय, तर फिन लोकांची मंत्र-तंत्राची वैद्यकी! म्हणजे डॉक्टरकी आणि लोकगीतं हे त्याच्यासाठी दोन वेगळे कप्पे नव्हतेच. खेड्यातला वैदू जखमेतलं रक्त थांबवायला जो मंत्र म्हणतो, तोही त्याला कविताच वाटत होता. 'कालेवाला'त एक प्रसंग आहे. वायनामोइनेनच्या गुडघ्यावर कुऱ्हाड बसते आणि रक्त थांबत नाही. ते थांबवायचं तर लोखंडाचा जन्म कसा झाला ही कथा आधी म्हणावी लागते. जखम करणाऱ्याचं मूळ माहीत असेल तरच जखम भरते, अशी ही जुनी समजूत.

पोस्टिंग : कायानी

१८३३ मध्ये त्याला जिल्ह्याचा डॉक्टर म्हणून कायानीला पाठवण्यात आलं. वस्ती जेमतेम चारशे. काही लाकडी घरं, एक नवीन टाऊन हॉल, नदीतल्या बेटावर एका जुन्या किल्ल्याचे भग्न अवशेष. हा किल्ला १७१६ मध्ये रशियन सैन्याने उडवला होता. नदी पुढे जाऊन मिळते ती औलुयार्वीला. 'यार्वी' म्हणजे सरोवर. हे इतकं मोठं आहे की वारा सुटला की समुद्रासारख्या लाटा उठतात. डिसेंबरमध्ये दिवसाचा उजेड चार-पाच तास, बाकी सगळा अंधार. महिनोन्महिने सरोवरावर बर्फ.

या भागाचं पोट चालायचं ते डांबरावर. रस्त्याचं डांबर नव्हे, तर पाइनची खोडं मंद धगीवर जाळून काढलेलं. युरोपची लाकडी जहाजं पाणी लागून कुजू नयेत म्हणून त्यांना हे डांबर फासायचे. पिंपं भरायची, लांबट अरुंद होड्यांत रचायची, सरोवर ओलांडायचं आणि नदीच्या खळाळत्या धारेतून समुद्रकाठच्या औलू बंदरापर्यंत जायचं. कायानीजवळचे धबधबे होड्यांना पार करता यावेत म्हणून १८४६ मध्ये तिथे खास कालवा आणि दरवाजे बांधण्यात आले. वर्षभर राबून काढलेलं डांबर बंदरातल्या व्यापाऱ्याला द्यायचं आणि त्याच्याकडून धान्य-मीठ आणायचं, असं ते चक्र होतं.

ल्योन्रोत आला तेव्हा हे चक्र मोडलेलं होतं. लागोपाठ पिकं बुडालेली, माणसं उपाशी, त्यात तापाची आणि हगवणीची साथ. हॉस्पिटल नाही. हजारो चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला डॉक्टर हा एकटाच. त्यालाही तापाने गाठलं, पण तो वाचला. बरा झाल्यावर पुन्हा उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात स्कीवर किंवा घसरगाडीतून एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर.

औषधं महाग, लोकांचा भरवसा वैदूंवर. ल्योन्रोतने वैदूंची चेष्टा केली नाही. त्यांचे चालण्यासारखे उपाय स्वतःही वापरले. पण त्याचा खरा जोर होता तो आजार होऊच नये यावर. स्वच्छता ठेवा, बाळाला आईचं दूध द्या, देवीची लस टोचून घ्या. आणि हे लोकांना कळेल कोणत्या भाषेत? १८३९ मध्ये त्याने शेतकऱ्यांसाठी 'घरचा डॉक्टर' अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं, फिनिशमध्ये.

भाषेचा मुद्दा इथे एकदम साधा होतो बघा. आईला सूचना समजली तर बाळ वाचतं, नाही समजली तर नाही. भाषेचा अभिमान वगैरे त्यानंतरच्या गोष्टी.

तीन दिवस, एक म्हातारा

करिअरच्या हिशेबाने कायानी म्हणजे शिक्षाच. पण ल्योन्रोत तिथे तब्बल वीस वर्षं राहिला. कारण पूर्वेला थोडं पुढे गेलं की रशियाची हद्द आणि तिच्या पलीकडे कारेलियातली ती गावं, जिथे जुनी गाणी अजून जिवंत होती. फिनलंडच्या बऱ्याच भागात चर्चने ही गाणी पाखंडी ठरवून मागे रेटली होती. हद्दीपलीकडच्या खेड्यांत तेवढी सक्ती नव्हती.

त्याने रजा काढून दौरे केले. १८२८ ते १८४४ या काळात एकूण अकरा. एप्रिल १८३४ मधला दौरा सर्वांत मोलाचा. लात्वायार्वी नावाच्या छोट्या गावात त्याला आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा म्हातारा शेतकरी भेटला. सलग तीन दिवस आर्हिप्पा गात होता आणि ल्योन्रोत लिहीत होता. चार हजारांहून जास्त ओळी, सगळ्या पाठ. आर्हिप्पाने त्याला लहानपणची आठवण सांगितली. मासेमारीला गेल्यावर रात्री शेकोटीपाशी त्याचे वडील आणि त्यांचा जोडीदार हातात हात घेऊन पहाटेपर्यंत गायचे आणि एकही गाणं दुसऱ्यांदा यायचं नाही. तो पोरगा बाजूला बसून ऐकायचा. आता त्याला काळजी होती ती आपल्यानंतर हे कोण म्हणणार याची. तरुण पोरांना जुन्या गाण्यांत रस उरला नव्हता. (होय, १८३४ मध्येही ही तक्रार होतीच.)

या गाण्यांचा साचा ठरलेला असतो. ओळीत साधारण आठ अक्षरं, शब्दांच्या सुरुवातीला सारखे ध्वनी आणि एका ओळीत जे सांगितलं तेच पुढच्या ओळीत वेगळ्या शब्दांत. गाणाऱ्याला आठवायला सोपं, ऐकणाऱ्याला डुलायला सोपं.

ल्योन्रोतच्या लक्षात आलं की ही सुटी गाणी एका मोठ्या कथेचे तुकडे म्हणून जोडता येतील. वायनामोइनेन, लोहार इल्मारिनेन, उनाड लेम्मिन्कायनेन, उत्तरेची मालकीण लोउही. आणि या सगळ्यांच्या भांडणाचं मूळ म्हणजे 'साम्पो' नावाचं जादूचं जातं, ज्यातून पीठ, मीठ आणि पैसा न संपता पडत राहतो. दुष्काळात सालीची भाकरी खाणाऱ्या लोकांच्या महाकाव्यात सगळं युद्ध एका जात्यासाठी व्हावं, यात खूप काही आलं.

कायानीत बसून त्याने हे जुळवलं. प्रस्तावनेखाली तारीख टाकली २८ फेब्रुवारी १८३५. मुखपृष्ठावर स्वतःचं नाव नाही, प्रस्तावनेच्या शेवटी फक्त आद्याक्षरं. बारा हजारांवर ओळी, ५०० प्रती. त्या खपायला बारा वर्षं लागली! फॉलोअर्स वाढत नाहीत म्हणून पॉडकास्ट तिसऱ्या एपिसोडला बंद करणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवायला हरकत नाही.

तो थांबला नाही. १८४० मध्ये 'कान्तेलेतार' आलं. यात वीरांच्या कथा कमी आणि रोजच्या जगण्याची गाणी जास्त. सासुरवास, विरह, अंगाई, एकटेपणा. यातली कितीतरी गाणी बायकांची आहेत. मातेली कुइवालातार या एका गरीब बाईने त्याला भरभरून गाणी दिली. त्यानंतर सात हजारांवर म्हणींचा संग्रह, मग कोड्यांचा. १८४९ मध्ये 'कालेवाला'ची वाढवलेली आवृत्ती, ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी. आज जग वाचतं ती हीच. हिंदीतही ती आली आहे, कवी विष्णु खरे यांनी आणलेली.

मग लेखक नेमका कोण?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर बरोबरच आहे. गाणी आर्हिप्पाची, मातेलीची आणि अशा असंख्य लोकांची. ल्योन्रोतने त्यांचा क्रम लावला, वेगवेगळ्या गायकांच्या ओळी एकत्र केल्या, पात्रांची नावं बदलली, दुवे जोडायला थोड्या ओळी स्वतःच्या घातल्या. म्हणजे 'कालेवाला' जसंच्या तसं कोणत्याही गावात कधीच गायलं गेलं नव्हतं. यावर अभ्यासकांनी पुढे भरपूर वाद घातला. गायक गरिबीतच राहिले आणि पुस्तक मात्र राष्ट्राचं झालं, ही बोच खरी आहे.

पण ल्योन्रोतच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. त्याने आपल्या वह्या जपून ठेवल्या. १८३१ मध्ये स्थापन झालेल्या फिनिश साहित्य संस्थेचा तो पहिला सचिव, त्यामुळे कागद सांभाळण्याची शिस्त होतीच. कोणती ओळ कुठून आली हे नंतरच्या संशोधकांना तपासता आलं ते या वह्यांमुळेच. शिंप्याच्या मुलाने शिवण घातली, पण कापड कोणाचं हे लपवलं नाही.

शब्द नसतील तर करायचे

गाणी गोळा करून भाषा आधुनिक होत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. १८३६ मध्ये त्याने फिनिशमधलं पहिलं मासिक काढलं, नाव 'मेहिलायनेन', म्हणजे मधमाशी. कायानीत लिहायचं आणि छपाई औलूला. इतिहास, निसर्ग, बातम्या लिहायला बसलं की पंचाईत व्हायची ती शब्दांची. मग त्याने ते घडवायला घेतले. 'किर्या' म्हणजे पुस्तक, त्यावरून 'किर्याल्लिसूस' म्हणजे साहित्य. रक्त वाहून नेणाऱ्या रोहिणीला 'वाल्तिमो', नीलेला 'लास्किमो'. १८६० मध्ये त्याने फिनलंडच्या वनस्पतींवर फिनिशमध्ये पुस्तक केलं आणि फुलातल्या पुंकेसर-स्त्रीकेसरालाही छोटे, सुटसुटीत शब्द दिले. आजही फिनिश पोरं शाळेत हेच शब्द शिकतात. पश्चिमेची बोली शुद्ध की पूर्वेची, या भांडणातही त्याने मधली वाट काढली. पाया पश्चिमेचा ठेवला आणि त्यात पूर्वेचे शब्द मोकळ्या हाताने घेतले.

सगळं सुरळीत चाललं असं मात्र नाही. युरोपात १८४८ मध्ये क्रांतीचे भडके उडाल्यावर झारचं सरकार घाबरलं. १८५० मध्ये हुकूम निघाला की फिनिशमध्ये फक्त धर्म आणि शेती-व्यवहारासारख्या उपयोगाच्या विषयांवरच छापायचं. कथा-कादंबऱ्या, राजकारण बंद. सामान्य माणसाने काय वाचावं हे सत्तेला ठरवायचं होतं. 'कालेवाला'ची मोठी आवृत्ती आदल्याच वर्षी निघाली होती. हा हुकूम १८६० पर्यंत चालला. १८६३ मध्ये मात्र झार दुसऱ्या अलेक्झांडरने वेगळाच आदेश काढला. फिनिश भाषिकांच्या कामकाजात पुढच्या वीस वर्षांत फिनिशला स्वीडिशच्या बरोबरीचा दर्जा मिळणार. त्यामागे धडपड होती ती ल्योन्रोतच्या वर्षीच्या स्नेलमनची.

ल्योन्रोत १८५३ मध्ये कायानी सोडून हेलसिंकीत फिनिश भाषेचा प्राध्यापक झाला आणि १८६२ मध्ये निवृत्त होऊन सम्मात्तीला परतला. घरचं सुख फार लाभलं नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न झालं. पत्नी मारिया १८६८ मध्ये गेली. पाच मुलांपैकी चौघांचे मृत्यू त्याला पाहावे लागले. राहिली ती एक मुलगी, इदा. या सगळ्या वर्षांत तो फिनिश-स्वीडिश शब्दकोशाचं काम करत होता. १८६६ ते १८८० अशी चौदा वर्षं तो भागाभागाने छापला गेला. दोन लाखांवर शब्द. १९ मार्च १८८४ रोजी, ८२ वा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तो गेला. फिनलंड स्वतंत्र झाला त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १९१७ मध्ये.

पुढे सिबेलियसने 'कुल्लेर्वो'ला संगीत दिलं, गालेन-कालेलाने 'कालेवाला'ची चित्रं काढली, आणि युरो येण्याआधीच्या ५०० मार्कच्या नोटेवर ल्योन्रोतचा चेहरा आला. कायानी आज हजारोंच्या वस्तीचं शहर आहे. किल्ल्याचे अवशेष नदीत आहेत, डांबराच्या होड्यांचा कालवाही आहे.

आता एक तारीख. आपण २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो. कॉलेजमध्ये फलक लागतो, स्टेटस बदलतं. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ तारखेला, फिनलंडमध्ये 'कालेवाला दिन' असतो आणि देशभर झेंडे चढतात. तो दिवस कोणत्याही लढाईचा नाही. एका डॉक्टरने प्रस्तावनेखाली टाकलेली ती तारीख आहे. यंदा २७ तारखेचं स्टेटस टाकून झालं की दुसऱ्या दिवशी एक वही घ्या आणि तुमच्या घरातला असा शब्द किंवा असं गाणं लिहून काढा, जे अजून कुठेच लिहिलेलं नाही. ज्यांच्याकडून घ्याल त्यांचं नाव आणि गाव मात्र खाली नक्की लिहा.